उशिराची नोंद कोण ठेवणार?

नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशूंच्या विशेष कक्षात ऑगस्ट २०१७ या एकाच महिन्यात ५५ अर्भके दगावली. एप्रिलपासूनच्या पाच महिन्यांतील मृत्यूंचा आकडा १८७ वर गेला होता. कक्षात इनक्युबेटर अवघे १८ आणि एकेका इनक्युबेटरमध्ये दोन-दोन, प्रसंगी तीन बाळे ठेवण्याची वेळ आलेली. हे वृत्त बाहेर येताच सरकारी आरोग्यसेवेच्या दुरवस्थेवर टीकेची झोड उठली आणि ते साहजिकच होते. त्या गदारोळात रुग्णालय प्रशासनाने केलेला एक खुलासा मात्र फारसा कोणी मनावर घेतला नाही. दगावलेल्यांपैकी बहुसंख्य बालके खासगी रुग्णालयांतून अगदी अखेरच्या अवस्थेत आणली गेली होती, असे प्रशासनाचे म्हणणे होते.

हा खुलासा म्हणजे जबाबदारी झटकण्याचा प्रयत्न होता, असे क्षणभर मानले तरी त्याने उपस्थित केलेला प्रश्न निकालात निघत नाही. मृत्यू जेथे होतो तेथे त्याची नोंद होते. उशीर जेथे झाला तेथे ती होईलच असे नाही. शहरातील एखाद्या नर्सिंग होममधील सेवेचा दर्जा जोखायचा झाल्यास नेमकी हीच नोंद सर्वांत मोलाची ठरते.

कायदा काय पाहतो?

पाश्चात्त्य देशांत नर्सिंग होम म्हटले की वृद्धांचे शुश्रूषागृह डोळ्यांपुढे येते. आपल्याकडे हा शब्द दहा ते तीस खाटांच्या खासगी रुग्णालयासाठी रुळला आहे. बहुधा डॉक्टर पती-पत्नींनी चालविलेले, खाली औषधांचे दुकान आणि वर प्रसूतिगृह असे त्याचे रूप नाशिकच्या गंगापूर रोडपासून सिडको, पंचवटी, नाशिकरोडपर्यंत सर्वत्र दिसते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडून येणारा रुग्णही अनेकदा प्रथम अशाच एखाद्या दारात उतरतो. या संस्था नसत्या तर सरकारी व्यवस्था केव्हाच कोलमडली असती, हेही मान्य केले पाहिजे.

या रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यानुसार होते. महापालिका क्षेत्रात हा अधिकार महापालिकेचा आहे. जागा योग्य आहे का, पात्र डॉक्टर आहे का, प्रशिक्षित परिचारिकांचे प्रमाण पुरेसे आहे का, हे पाहणे कायद्याला अभिप्रेत आहे. जानेवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने नियमांत दुरुस्ती करून रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले आणि तक्रार निवारणाची तरतूद केली. हे पाऊल स्वागतार्हच होते. तथापि दरपत्रकावरून उपचार किती रुपयांना मिळतो ते कळते, तो कसा मिळतो ते कळत नाही.

वैद्यकीय सेवेची गुणवत्ता कशी मोजावी, याचा पाया ॲवेडिस डोनाबेडियन या अभ्यासकाने १९६६ मधील आपल्या निबंधात घातला. रचना, प्रक्रिया आणि परिणाम अशा तीन अंगांनी सेवा पाहावी, अशी ही मांडणी आहे. इमारत, खाटा, यंत्रे, मनुष्यबळ ही रचना. रुग्णासाठी प्रत्यक्षात काय केले, कधी केले, ही प्रक्रिया. अखेर रुग्णाचे काय झाले, हा परिणाम. आपल्या नोंदणीचा भर पहिल्या अंगावरच राहिला आहे. रचना उभी असूनही प्रक्रिया कोसळली तर काय होते, हे नाशिकने २१ एप्रिल २०२१ रोजी पाहिले. महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात नव्यानेच बसविलेल्या प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, पुरवठा खंडित झाला आणि किमान २२ रुग्णांनी प्राण गमावले. टाकी होती. कागदावर ती सुविधाच होती.

स्वच्छ पाटीचे कोडे

मग परिणाम मोजावेत, म्हणजे नर्सिंग होमनिहाय मृत्यूंचे आकडे जाहीर करावेत, अशी सूचना पुढे येणे स्वाभाविक आहे. नाशिकचा २०१७ चा अनुभव नेमका येथेच सावध करतो. छोट्या रुग्णालयात रुग्णाची प्रकृती ढासळली की त्याला मोठ्या रुग्णालयात पाठविले जाते. रुग्ण तेथे दगावतो आणि मृत्यू त्या रुग्णालयाच्या खाती जमा होतो. पाठविणाऱ्याची पाटी स्वच्छ राहते. केवळ मृत्यूंवरून तुलना केली तर सर्वांत वेळेवर रुग्ण पाठविणारे आणि सर्वांत उशिरा पाठविणारे नर्सिंग होम एकसारखेच निर्दोष दिसेल. दोषी दिसेल ते शेवटचे दार, जेथून पुढे पाठवायला जागाच उरलेली नसते.

रुग्णाला पुढे पाठविणे हा दोष नव्हे. व्हेंटिलेटर नसलेल्या डॉक्टरने ३० आठवड्यांचे बाळ अडवून धरणे हाच खरा दोष होय. म्हणून मोजायचे ते पाठविण्याचे प्रमाण नव्हे, तर त्याची वेळ आणि तयारी. मुदतपूर्व प्रसूतीची लक्षणे दिसताच बाळाच्या फुप्फुसांना बळ देणारे स्टेरॉइडचे इंजेक्शन आईला दिले होते का? प्रसूतीआधीच आईला सुसज्ज रुग्णालयात हलविता आले असते का? पाठविताना पुढील रुग्णालयात जागा आहे की नाही, याची दूरध्वनीवरून खात्री केली होती का? बाळ पोहोचले तेव्हा त्याचे अंग उबदार होते की थंडगार? सोबतच्या चिठ्ठीवर दिलेली औषधे आणि त्यांच्या वेळा होत्या, की केवळ पुढील उपचारांसाठी एवढेच लिहिले होते? या प्रश्नांच्या उत्तरांना महागडे यंत्र लागत नाही. रुग्ण स्वीकारणाऱ्या कक्षातील एक थर्मामीटर, एक घड्याळ आणि एक नोंदवही पुरते.

स्वतःच्या चुका छापणारा डॉक्टर

अशा नोंदींची कल्पना नवी नाही. बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी एक छोटे खासगी रुग्णालय काढले. ते आजच्या भाषेत नर्सिंग होमच म्हणता येईल. १९११ ते १९१६ या काळात तेथून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांचा त्यांनी पाठपुरावा केला, उपचारांत झालेल्या १२३ चुका नोंदविल्या आणि त्या छापून प्रसिद्ध केल्या. समव्यावसायिकांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. मात्र रुग्णालयांच्या दर्जानिश्चितीची चळवळ पुढे याच विचारावर उभी राहिली.

आपल्या देशातही उदाहरण आहे. केरळमध्ये २००४ पासून स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या पुढाकाराने मातामृत्यूंची गोपनीय छाननी होते. माता आणि रुग्णालय यांची ओळख झाकून, काय टाळता आले असते एवढाच विचार तेथे केला जातो. उद्देश शिक्षेचा नसून शिकण्याचा असल्याने खासगी डॉक्टरही माहिती देतात. महाराष्ट्रात मात्र दर्जाची चर्चा बहुधा न्यायालयाच्या पायरीवर सुरू होते. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. त्याने रुग्णाला दाद मागण्याचा मार्ग मिळाला. परंतु तो मार्ग हानी झाल्यानंतरचा आहे आणि त्यावर पाऊल पडताच दोन्ही बाजूंची तोंडे मिटतात.

डॉक्टरांच्या शंकाही निराधार नाहीत. अग्निशमन, जैववैद्यकीय कचरा, गर्भलिंग निदानविरोधी कायदा अशा अनेक खात्यांचे कागद सांभाळताना छोट्या रुग्णालयाची दमछाक होते. आणखी एक तक्ता म्हणजे आणखी एक निरीक्षक, ही भीती अनुभवातून आलेली आहे. भारतीय गुणवत्ता परिषदेच्या छत्राखालील ‘एनएबीएच’ मानांकन ऐच्छिक आहे आणि त्याचा खर्च साखळी रुग्णालयांना जितका सहज पेलतो तितका पंधरा खाटांच्या प्रसूतिगृहाला पेलत नाही. शिवाय उशिरा पाठविल्याबद्दल थेट दंड ठेवला, तर गुंतागुंतीचा रुग्ण दारातूनच परत पाठविण्याची प्रवृत्ती बळावेल आणि त्याची झळ पुन्हा सुरगाण्याहून आलेल्या बाईलाच बसेल.

म्हणूनच आरंभ नोंदीपासून व्हावा. जिल्हा रुग्णालयाने आलेल्या प्रत्येक पाठविलेल्या रुग्णाची अवस्था नोंदवावी आणि महिनाअखेर त्याचे पुढे काय झाले, हे पाठविणाऱ्या डॉक्टरला लेखी कळवावे. रुग्ण गाडीत बसला की त्याची वार्ता संपते, ही स्थिती डॉक्टरलाही काही शिकू देत नाही. वारंवार तीच चूक आढळली तर आधी मार्गदर्शन आणि नोंदणीच्या नूतनीकरणावेळी जाब, असा क्रम ठेवता येईल. नावे वगळून शहराचा एकत्रित वार्षिक अहवाल मात्र नागरिकांपुढे आलाच पाहिजे. त्यात सरकारी कक्षांतील खाटांची टंचाईही नोंदली जावी. कारण नर्सिंग होमने वेळेवर पाठविलेल्या बाळाला तिसरा भागीदार म्हणून इनक्युबेटरमध्ये शिरावे लागत असेल, तर दोष एकट्या पाठविणाऱ्याचा राहत नाही.

हे काम करू शकणारी माणसे नाशिकबाहेर शोधावी लागणार नाहीत. राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच शहरात आहे. महापालिका, जिल्हा रुग्णालय, विद्यापीठ आणि डॉक्टरांच्या संघटना यांनी ठरविले तर एका जिल्ह्यापुरती ही पद्धत घालून देणे अवघड नाही. ५५ अर्भकांच्या मृत्यूंनंतर चर्चा इनक्युबेटर किती आणि निधी किती, याभोवती फिरली. ती आवश्यकच होती. पण त्यांतील किती बाळे चार तास आधी पोहोचली असती तर वाचली असती, या प्रश्नाचे उत्तर इनक्युबेटरच्या संख्येत सापडणार नाही. ते त्या चार तासांच्या हिशेबात आहे आणि तो हिशेब प्रत्येक नर्सिंग होमने स्वतःच्या वहीत मांडायला हवा.