शेजारच्या परसातील परांची



बँकेच्या सेवेत असताना तारणासाठी आलेली शेकडो खरेदीखते आणि वाटणीपत्रे मी वाचली. चतुःसीमा जुळतात की नाही, मिळकतीवर बोजा आहे की नाही, हे पाहण्यातच उमेद गेली. स्वतःच्या घराचे वाटणीपत्र नीट वाचण्याचा योग मात्र निवृत्तीनंतर आला, आणि तोही भिंतीला ओल आली म्हणून.

पेठेतील आमच्या वाड्याची वाटणी वडील आणि काका यांच्यात १९७४ साली झाली. पश्चिमेची भिंत आमची, तिच्या पलीकडचे परसदार काकांचे. भिंतीला बाहेरून गिलावा करायचा किंवा छपराची पन्हळ बदलायची, तर परांची काकांच्या परसातच बांधावी लागे. काका होते तोवर यात काही प्रश्न आहे असे कोणाच्या मनातही आले नाही. गवंडी मागच्या दाराने जात, काकू त्यांना चहा देत. पुढे चुलत भावंडांनी तो भाग विकला. गेल्या वैशाखात ओल दुकानाच्या माळ्यापर्यंत पोहोचली, कापडाची थाने हलवावी लागली, तेव्हा मी नव्या मालकांकडे चार दिवसांसाठी परस मागितले. त्यांनी सौजन्याने, पण स्पष्ट नकार दिला.

मला राग आला. पन्नास वर्षांची वहिवाट कोण अडवणार, असा माझा समज होता. तो वकिलांनी दूर केला.

शेजाऱ्याने दुरुस्तीसाठी आपल्या जागेत येऊ दिलेच पाहिजे, अशी सर्वसाधारण सक्ती करणारा कायदा आपल्याकडे नाही. (गटारे व सांडपाण्याबाबत नगरपालिका कायद्यांत ज्या तरतुदी आहेत, त्या निराळ्या.) इंग्लंड व वेल्समध्ये १९९२ साली असा कायदा झाला, वास्तू टिकवण्यासाठी काम आवश्यक असेल आणि शेजारी अडवत असेल, तर तेथील न्यायालय प्रवेशाचा हुकूम देऊ शकते. आपला आधार १८८२ चा ईझमेंट अ‍ॅक्ट. तो प्रथम एकच गोष्ट विचारतो: तुमचा हक्क होता, की तुम्हाला नुसती परवानगी होती?

वीस वर्षे उघडपणे, शांततेने, अखंड आणि 'हक्क म्हणून' वापर झाला असेल तरच वहिवाटीने हक्क मिळतो. काकूंच्या चहाबरोबर मिळत होती ती परवानगी. परवानगी पन्नास वर्षे चालली तरी ती हक्क होत नाही, आणि कलम ५९ प्रमाणे जागा विकली गेली की नवा मालक त्या परवानगीने बांधला जात नाही. गिलाव्यासाठी माझ्या हाती काहीच नव्हते.

पन्हळीची गोष्ट मात्र वेगळी निघाली. आमच्या छपराचे पाणी वाटणीच्या आधीपासून त्या परसातील मोरीत पडते. वाटणीच्या वेळी जे उघड दिसत होते, अखंड चालू होते आणि ज्याच्यावाचून हिस्सा पूर्वीसारखा उपभोगता येत नाही, तो हक्क दस्तात विरुद्ध काही लिहिलेले नसेल तर कलम १३ प्रमाणे टिकतो. असा मूळ हक्क असला की कलम २४ त्याच्या जोडीने दुरुस्तीसाठी आत जाण्याचीही मुभा देते. अट अशी की शेजाऱ्याला कमीत कमी त्रास व्हावा आणि झालेले नुकसान शक्य तितके भरून द्यावे. खर्च अर्थातच आपला. म्हणजे एकाच परांचीवर उभा असलेला गवंडी पन्हळ बसवताना हक्काने उभा, आणि गिलावा करताना दुसऱ्याच्या मर्जीने!

दावा लावला असता तर पावसाळा काही तारखेसाठी थांबणार नव्हता. मी पुन्हा शेजाऱ्यांकडे गेलो आणि या वेळी त्यांचे ऐकून घेतले. 'आज चार दिवस दिले तर उद्या कायमची वाट पडेल,' ही त्यांची भीती होती. भीती निराधार नव्हती, फक्त तिच्यावरचा उपाय उलटा होता. लेखी परवानगी दिली तर तो वापर 'हक्क म्हणून' ठरत नाही. कागद त्यांचेच रक्षण करतो. हे त्यांना पटले.

पत्रात कामाचे दिवस, वेळ, परांचीची जागा, फरशी फुटल्यास पूर्ववत करून देणे, मजुराला इजा झाल्यास जबाबदारी आमची, आणि यातून कोणताही हक्क निर्माण होत नाही, इतके लिहिले. हे शेवटचे वाक्य केवळ गिलाव्यापुरते ठेवले. घाईत ते सरसकट लिहून दिले असते, तर पन्हळीचा असलेला हक्क मीच वादात टाकला असता. मृगाच्या आधी काम उरकले. त्यांच्या दोन फरश्या फुटल्या, त्या बदलून दिल्या.

आता माझ्या दोन मुलांच्या वाटणीचा मसुदा तयार होत आहे. थोरल्याने विचारलेच, 'आपल्या आपल्यात हे कलम कशाला?' १९७४ साली वडील आणि काका हेच म्हणाले असावेत. कलम असे आहे: 'सामायिक हद्दीवरील भिंत, छप्पर, पन्हळ व नळ यांच्या दुरुस्तीसाठी दोन्ही हिस्सेदारांना व त्यांच्या पुढील मालकांना, सात दिवसांची लेखी सूचना देऊन, एकमेकांच्या मोकळ्या जागेत परांचीसह प्रवेश करण्याचा कायम हक्क राहील, नुकसानभरपाई काम करणाऱ्याने द्यावी.' 'पुढील मालकांना' हे दोन शब्द गाळू नयेत. आणि असा हक्क साध्या कागदावर लिहून भागत नाही. वाटणीपत्राबरोबरच त्याचीही दुय्यम निबंधकांकडे नोंदणी करून घ्यावी.