कच्चा खर्डा

मी राहतो त्या कोथरूडमध्ये लिहू इच्छिणाऱ्यांची वाण नाही. सकाळी टेकडीवर भेटणाऱ्या निवृत्त मंडळींत "आठवणी लिहायच्या आहेत" असे म्हणणारे दोघे-तिघे तरी असतातच. "मग अडले कुठे?" असे विचारावे, तर उत्तर ठरलेले: "पहिले वाक्य मनासारखे उतरत नाही हो!" नवी वही आणली जाते, पहिल्या पानावर 'श्री' लिहिले जाते, चार ओळी खोडल्या जातात आणि वही कपाटात जाते.

यामागे आळस नसतो. एक समजूत असते. खऱ्या लेखकाच्या लेखणीतून पहिल्याच वेळी नेटके उतरते, असे आपण मनोमन धरून चालतो. आपल्या हाती छापलेले पुस्तक येते, त्यामागची खाडाखोड येत नाही. शाळेनेही स्वच्छ वहीलाच शाबासकी दिली.

पुणेकरांना याचे उत्तर शोधायला दूर जायला नको. लोकमान्यांनी 'गीतारहस्या'चा खर्डा मंडालेच्या तुरुंगात नोव्हेंबर १९१० ते मार्च १९११ या सुमारे पाच महिन्यांत पेन्सिलीने लिहून काढला. हवे ते सगळे ग्रंथ तेथे हाताशी नव्हते. म्हणून ते थांबले नाहीत. राहिलेल्या जागा पुढे भरल्या. जून १९१४ मध्ये सुटका झाली आणि ग्रंथ बाहेर पडला तो १९१५ मध्ये. खर्ड्याला पाच महिने, ग्रंथाला चार वर्षे!

हा हिशेब दोन्ही बाजूंनी वाचायला हवा. कच्चा खर्डा तसाच छापून नातेवाइकांत वाटणे, हेही काही खरे नव्हे. खर्डा वाचकांसाठी नसतोच. आपल्याला नेमके काय सांगायचे आहे, ते आपल्यालाच कळावे म्हणून तो लिहायचा. तो वेडावाकडा असण्यात काही बिघडत नाही. तो पक्का मानण्यात बिघडते.

मात्र वेळेचा प्रश्न आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असलेली मुले आज ऐंशीच्या आसपास आहेत. धरणाचा अहवाल दप्तरी मिळेल. पण पाणी आपल्या वाड्याच्या कितव्या पायरीपर्यंत चढले, आईने घर सोडताना काय उचलले, रात्री कोणी आसरा दिला, हे त्यांच्यापाशीच आहे. आमच्या शेजारचे एक आजोबा हे सारे बोलताना तासभर रंगतात. कागद पुढे केला की म्हणतात, "भाषा जमायला हवी."

आजोबा, भाषा नंतर पाहू. ऱ्हस्व-दीर्घ नातसून तपासेल, क्रम एखादा जाणता संपादक लावून देईल. आज फक्त ती पायरी कितवी होती, एवढे लिहा. पेन्सिलीने लिहिले तरी चालेल.