बरी झाली, पण घर कोठे ?

येरवड्याचे नाव थट्टेने घेण्याची आपल्या शहरातील रूढी जुनी आहे. त्या थट्टेच्या भरात आपण हे विसरतो की, तेथील प्रादेशिक मनोरुग्णालय माणसांना बरे करून घरी पाठविण्यासाठी आहे. बऱ्या झालेल्या स्त्रीस घर उरले आहे काय, हा खरा प्रश्न होय.

वैद्यक ज्यास द्विध्रुवी विकार म्हणते आणि सुशिक्षित घरांत जो 'बायपोलर' या नावाने ओळखला जातो, त्या आजाराचेच पाहा. कधी उन्मादाची भरती, कधी विषण्णतेची ओहोटी. मधल्या काळात रोगी पुष्कळदा चारचौघांसारखाच असतो. स्त्री-पुरुषांत या आजाराचे प्रमाण जवळजवळ सारखे आहे. परंतु स्त्रियांच्या वाट्यास विषण्णतेचा काळ अधिक येतो, व बाळंतपणानंतरचे दिवस त्यांना विशेष धोक्याचे असतात. व्हॅलप्रोएट हे या आजारावरील औषध गर्भास अपायकारक आहे. मात्र म्हणून आपल्या मनाने औषध सोडणेही घातक. डॉक्टरांचा सल्ला गर्भधारणेपूर्वीच घेतला पाहिजे.

उपचारांनी आजार बहुधा आटोक्यात राहतो. समाजाची वृत्ती मात्र राहत नाही. पती आजारी पडला तर पत्नीने सेवा करावी, आणि पत्नी आजारी पडली तर तिने माहेरची वाट धरावी, हा कोठला न्याय ? १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे, हे खरे. तथापि नुसते रोगाचे नाव त्यास पुरेसे नाही, त्याची तीव्रता पाहिली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच बजावले आहे.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा याहून पुढे जातो. घर नाही किंवा घरचे स्वीकारीत नाहीत, एवढ्याच कारणाने कोणासही रुग्णालयात ठेवता येत नाही. अशांसाठी समाजात राहण्याजोगी निवासगृहे सरकारने उभारावयाची आहेत. तीन वर्षांखालील मुलास उपचार घेणाऱ्या आईपासून सामान्यतः तोडू नये, असेही तो सांगतो.

घरांनी विधवांना दारे लावली, तेव्हा अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. त्या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या पुणेकरांनी या निवासगृहांसाठी सरकारकडे आग्रह धरला पाहिजे. परंतु त्याआधी प्रत्येकाने आपल्या घराचे दार उघडावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.