तव्यावरचा नाचरा थेंब

“मुलगा गादीवर लॅपटॉप ठेवून अभ्यास करतो. तासाभरात तो खालून चांगलाच तापतो. त्याच्या आत पाणी उकळत असतं, असं मुलाचा मित्र म्हणतो. ही थट्टा की खरं? आणि उकळत्या पाण्यानं एखादी वस्तू गार कशी होईल?” असं एका भगिनीनं पत्रातून विचारलं आहे.

मित्र थट्टा करत नाही हो. पुष्कळशा लॅपटॉपमध्ये तांब्याची एक चपटी, दोन्ही टोकं बंद केलेली नळी असते. आतली हवा काढून तिच्यात अगदी थोडं पाणी ठेवलेलं असतं. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी १०० अंशांच्या वर उकळतं. इथे नेमकं उलट. दाब फार कमी, त्यामुळे पाणी नुसतं कोमट झालं तरी त्याची वाफ होऊ लागते. नळीचं एक टोक तापणाऱ्या चिपवर, दुसरं पंख्यापाशी. वाफ पंख्याच्या टोकाला गेली की तिचं पुन्हा पाणी होतं आणि ते नळीच्या आतल्या बारीक जाळीतून परत येतं, समईच्या वातीत तेल चढतं ना, तसं. बाहेर थेंब येत नाही, म्हणून विजेशी गाठ पडायचा प्रश्नच नाही. १९६३ साली अमेरिकेत लॉस अलामॉस इथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी अशी नळी करून दाखवली होती.

तेव्हा मुलाला आधी गादीवरून उठवा! गादीनं पंख्याची फट बुजते, वाफेचं पाणी होत नाही आणि सगळा कारभार अडतो. लॅपटॉपखाली जेवायचा पाट ठेवला तरी काम भागतं.

आता उकळण्याचीच एवढी मातब्बरी का? बासुंदी आटवणारीला हे सांगायला नको. दुधाला उकळी यायला किती वेळ लागतो आणि ते आटायला किती! लिटरभर पाणी ३० अंशांवरून १०० पर्यंत न्यायला ७० किलोकॅलरी उष्णता लागते. त्याच पाण्याची सगळी वाफ करायला आणखी सुमारे ५४०. जवळजवळ आठपट. आपल्या गॅसच्या हिशेबाला हे जड जातं, पण ज्याला उष्णता घालवायचीच आहे त्याला हेच हवं असतं.

मात्र सगळी गोम पुढेच आहे. घावन घालण्याआधी आपण बिडाच्या तव्यावर पाणी शिंपडतो. तवा बेताचा तापला असेल तर थेंब चर्रकन उडून जातो. फारच तापला असेल तर तोच थेंब मोत्यासारखा गोल होऊन नाचत राहतो आणि लवकर आटत नाही. जास्त तापलेल्या तव्यावर थेंब जास्त टिकतो! कारण त्याच्याखाली वाफेची पातळ गादी तयार होते आणि पाणी तव्याला टेकतच नाही. जर्मनीतले डॉक्टर लायडेनफ्रॉस्ट यांनी १७५६ साली तापून लाल झालेल्या लोखंडी चमच्यात थेंब टाकून याचं वर्णन लिहून ठेवलं.

१९३४ साली जपानच्या शिरो नुकियामा यांनी पाण्यात बुडवलेल्या तारेतून वीज सोडली आणि ती हळूहळू वाढवत नेली. आधी एकेक बुडबुडा, मग बुडबुड्यांचे लोंढे. तोवर तार सुखरूप. मग एका क्षणी बुडबुडे एकमेकांत मिसळून तारेभोवती वाफेचं आवरण झालं आणि तार पाण्यातल्या पाण्यात वितळून तुटली. प्लॅटिनमची तार तेवढी टिकली, पण लालभडक होऊन. पाण्यात बुडालेली वस्तू पाण्याचा स्पर्श न झाल्यामुळे जळावी, हे वाचून मी तर दोन मिनिटं थांबलेच. १९६९ साली सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्याच जातीच्या. तिथे ही मर्यादा ओलांडणं म्हणजे काय, ते सांगायला नको.

साध्या गुळगुळीत पत्र्यावर पाण्याची ही मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला साधारण १०० वॅट. घरच्या इस्त्रीची शक्ती ७५० ते १००० वॅट असते, पण तिचा पत्रा मोठा. आजच्या मोठ्या संगणकांतल्या काही चिपांना ७०० वॅट लागतात आणि चिप असते जेमतेम ८ चौरस सेंटिमीटरची, टपालाच्या तिकिटाएवढी! म्हणून वाफेची ती गादी लांबवायची कशी, यावर जगभर डोकी खपताहेत.

उपाय मात्र आपल्या ओळखीचे आहेत. स्टीलच्या पातेल्यात पाणी तापवताना नीट बघा, बुडबुडे पुन्हा पुन्हा त्याच जागेवरून निघतात. तिथे बारीक चरा किंवा खड्डा असतो, त्यात हवा अडकलेली असते आणि तिथूनच बुडबुडा जन्म घेतो. म्हणून तांब्याची बारीक पूड भाजून पत्र्यावर बसवतात. छिद्राछिद्रांतून बुडबुडे लवकर फुटतात आणि शेजारच्या छिद्रांतून पाणी आत शिरतं. दुसरी युक्ती याहून गमतीची. अळवाच्या पानासारखा पाणी न धरणारा पत्रा असेल तर बुडबुडा लवकर येतो, पण चिकटून पसरतो. पाणी धरणाऱ्या पत्र्यावर तो उशिरा येतो, पण झटकन सुटतो. मग पाणी धरणाऱ्या पत्र्यावर अळवाच्या जातीचे नुसते ठिपके ठेवायचे! मला विचाराल तर ही रांगोळीच झाली.

मोठ्या संगणकांना थेट पाण्यात बुडवता येत नाही, वीज आहे ना. २०२१ साली मायक्रोसॉफ्टनं अमेरिकेत क्विन्सी इथे ५० अंशांवर उकळणाऱ्या एका वेगळ्या द्रवात ते बुडवून चालवले. पण असे द्रव ज्या कुळातले, त्यातली रसायनं निसर्गात वर्षानुवर्षं विघटत नाहीत. आपल्या नॉनस्टिक तव्याचा थरही त्याच कुळातला. थ्रीएम कंपनीनं डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं, की २०२५ अखेर ही रसायनं बनवणं बंद करू. मी कलाशाखेची, पण मला बंद नळीतलं साधं पाणीच बरं वाटतं. ऐरोली-महाप्याकडे डेटा सेंटरच्या इमारती उभ्या राहताहेत, त्यांचीही उष्णता कुठेतरी घालवायलाच हवी. निदान गळलं तर पाणीच गळेल.

जाता जाता कुकरचं सांगते. शिट्टी होत नाही आणि करपल्याचा वास येतो, म्हणजे आतलं पाणी संपलं आहे. गॅस बंद करा आणि कुकर आपोआप गार होऊ द्या. झाकण उघडून त्या कोरड्या तापल्या तळावर गार पाणी मुळीच ओतू नका. एकदम वाफ उसळून हात-तोंड भाजतं आणि भांड्याचा तळ वाकडा होतो तो वेगळाच.