कोरियन नाशपाती आणि हिंगोलीची हळद

हिंगोली - कोरियन स्वयंपाकात नाशपातीचा कीस 'बुलगोगी'च्या मसाल्यात घालतात. त्यातील विकरांमुळे मांस मऊ होते, शिवाय गोडवाही येतो. मात्र, या परदेशी फळाच्या आकर्षणापोटी येथील शेतकऱ्याने लागवडीचा मोह धरू नये. नाशपातीला बहरापूर्वी दीर्घकाळ कडाक्याची थंडी लागते; मराठवाड्याचा हिवाळा ती देऊ शकत नाही. झाडे वाढतील, पण फळाची खात्री नाही आणि ते कळेपर्यंत काही वर्षे हातची जातील. मांस मऊ करण्यास आपल्याकडे कच्ची पपई आहेच. जिल्ह्याचे खरे बळ हळदीत आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कच्चा माल विकण्याऐवजी प्रक्रियेत गुंतवणूक केल्यास मानांकनाचा लाभ शेतकऱ्याच्या पदरात पडेल.