आवाज वाढवू नका, वेळ वाढवा!

हेडफोन कानांवर चढवला की गाणे डोक्याच्या आतच वाजत असल्यासारखे वाटते. तेच गाणे समोरच्या दोन ध्वनिक्षेपकांवर ऐका. सतार डावीकडे आणि तबला उजवीकडे, आपल्यापासून दूर ऐकू येतो. असे का व्हावे?

उजवीकडून आलेला ध्वनी उजव्या कानात आधी पोचतो, डाव्या कानात किंचित उशिरा. हा उशीर एका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो. शिवाय डोक्याची सावली पडते आणि कानाच्या पाळीच्या घड्या ध्वनीत बदल करतात. या खुणांवरून मेंदू दिशा ओळखतो. प्रत्येकाचे कान निराळे, म्हणून या खुणाही निराळ्या. त्या मोजून संगणकाने हेडफोनच्या ध्वनीत मिसळल्या, तर खोलीतले ध्वनिक्षेपकच वाजत असल्याचा भास होतो.

मोजणी अशी करतात. कानांच्या तोंडाशी दोन इवले ध्वनिग्राहक बसवायचे आणि एकेका ध्वनिक्षेपकातून २० हर्ट्‌झपासून २०,००० हर्ट्‌झपर्यंत चढत जाणारा एकच अखंड सूर वाजवायचा. एक लांबच लांब मींडच म्हणा ना! मूळ सूर आणि कानांशी टिपलेला सूर यांची तुलना पुढे संगणक करतो.

पुष्कळ हौशी मंडळी या सुराची मापे आज्ञावलीत आधीपासून भरलेली असतात तशीच ठेवतात, आणि निकालात खरखर आली की ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढवतात. माझ्या मते ही सवय चुकीची आहे. मोठ्या आवाजात ध्वनिक्षेपक सूर विकृत करतो आणि आपल्याच कानांना इजा होण्याचा धोका असतो. वाढवायचीच असेल तर सुराची लांबी वाढवावी.

थोडे गणित करू. सप्तक चढले की वारंवारता दुप्पट होते. २० ते २०,००० म्हणजे हजारपट. दोनाचा दहावा घात १,०२४, म्हणजे जवळजवळ १० सप्तके. सूर प्रत्येक सप्तकाला सारखाच वेळ देतो. तेव्हा १० सेकंदांच्या सुरात प्रत्येक सप्तकाला १ सेकंद, २० सेकंदांच्या सुरात २ सेकंद मिळतात. खोलीतला गोंगाट अस्ताव्यस्त असतो, तो सुरासारखा एकदिशेने साठत नाही. म्हणून वेळ दुप्पट केला की गोंगाटाच्या तुलनेत सूर ३ डेसिबलने वर येतो. ध्वनिक्षेपकाची शक्ती दुप्पट करून जे मिळाले असते, तेच एकही जादा वॅट न खर्चता मिळाले!

दुसराही लाभ आहे. इटलीतील आंजेलो फारिना यांनी २००० साली दाखवले की, असा सूर वापरला तर ध्वनिक्षेपकाने केलेली विकृती मुख्य निकालाच्या आधी, वेगळी पडते. १० सेकंदांच्या सुरात दुप्पट वारंवारतेची विकृती बरोबर एका सप्तकाच्या वेळेइतकी, म्हणजे १ सेकंद आधी दिसते. सूर २ सेकंदांचाच असेल तर हे अंतर ०.२ सेकंद उरते, आणि घुमणाऱ्या खोलीत विकृतीची शेपटी खऱ्या निकालात मिसळते.

मग सूर पाच मिनिटांचा का करू नये? कारण डोके स्थिर राहत नाही. १०,००० हर्ट्‌झला तरंगलांबी फक्त ३.४ सेंटीमीटर असते. सूर अनेकदा वाजवून सरासरी काढताना मध्येच डोके १.७ सेंटीमीटर पुढे सरकले, तर शिखरावर दरी येऊन दोन्ही एकमेकांना पुसून टाकतात. सात ध्वनिक्षेपक, प्रत्येकी ३० सेकंदांचा सूर आणि घुमारा विरण्यासाठी २ सेकंद शांतता धरली, तर पावणेचार मिनिटे पुतळ्यासारखे बसावे लागेल. मला १० ते २० सेकंदांचा सूर योग्य वाटतो. ध्वनिक्षेपक लहान असेल आणि ८० हर्ट्‌झखाली वाजतच नसेल, तर सूर ४० हर्ट्‌झपासून सुरू करावा. एका सप्तकाचा वेळ वाचतो आणि त्याच्या पडद्याला उगाच झटके बसत नाहीत. छताचा पंखा बंद करावा. मध्येच कुकरची शिट्टी झाली, तर ती मोजणी खुशाल टाकून द्यावी.

आधीपासून भरलेले आकडे म्हणजे निसर्गाचा नियम नव्हे. ते कोणीतरी सर्वसाधारण खोलीसाठी ठरवलेले असतात. तुमची खोली, तुमचा ध्वनिक्षेपक आणि तुमचे कान त्याने पाहिलेले नाहीत. म्हणून एका वेळी एकच माप बदला, वहीत नोंद करा आणि मोजणी दोनदा करा. दोन्ही निकाल जुळले, तरच त्यांवर विश्वास ठेवा. तापमापी असो वा तराजू, प्रत्येक उपकरणाला हाच न्याय लावायला हवा. हे शिकलात, तर हेडफोनमधला भास हा केवळ वरचा नफा!