नाव मोठं, पण ए मिळेल का?

अमेरिकेतल्या मराठी घरांत मुलांच्या जीपीएबद्दल आईवडिलांना सर्वांत शेवटी कळतं. कळतं तेव्हा पदवी हातात आलेली असते, ट्रान्स्क्रिप्टवर चारपैकी २.८ असतं, आणि नेमकी तेव्हाच मुलगी सांगते, ‘मला मेडिकलला जायचंय.’

अमेरिकेत हे अशक्य नाही. तिथे मेडिकल मुळातच पदवीनंतरचं. त्याआधी लागतं ते जीवशास्त्र, रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायन (ऑर्गॅनिक) आणि भौतिकशास्त्र प्रत्येकी साधारण वर्षभर, प्रयोगशाळेसह. बऱ्याच ठिकाणी वर जीवरसायनही. हे प्रीरेक्विझिट पदवी झाल्यावरही करता येतात. प्रश्न एवढाच की कुठे करायचे. घरून उत्तर तयार असतं: नाव असलेल्या ठिकाणी! अकरावीच्या कटऑफ याद्या बघत वाढलेल्या आमच्या पिढीला दुसरं सुचत नाही.

नाव असलेली ठिकाणं कोणासाठी आहेत, हे आधी बघा. ब्रिन मॉर किंवा गाउचरचे पोस्ट-बॅक, म्हणजे पदवीनंतर प्रीरेक्विझिट करून घेणारे, कार्यक्रम उत्तम आहेत, पण ते इंग्रजी किंवा इतिहासात चांगले गुण मिळवून नंतर विज्ञानाकडे वळणाऱ्यांसाठी. ते प्रवेश देतानाच जुना जीपीए तपासतात. २.८ वाल्यांनी तिथे अर्जाची फी घालवू नये. हार्वर्ड एक्स्टेन्शनचं दार मात्र उघडं आहे. बोस्टनमध्ये राहत असाल तर जरूर जा. पण केवळ नावासाठी न्यू जर्सीतलं घर सोडून तिथलं भाडं भरायचं आणि ते भागवायला नोकरी करत ऑर्गॅनिकची लॅब उरकायची, हा हिशेब मला पटत नाही.

आता जीपीएचा हिशेब. १२० क्रेडिटना २.८ असताना पुढची ३२ क्रेडिट सगळी ए मिळवून केली, तरी एकूण जीपीए ३.०५ वर जातो. बस. प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ३.७ च्या वर असते. विषय पुन्हा केला तर जुना ग्रेड पुसला जाईल, ही आशाही सोडा; एमडीच्या अर्जांची व्यवस्था बघणारी एएमकॅस दोन्ही ग्रेड मोजते, आणि डीओ (ऑस्टिओपॅथीच्या) कॉलेजांच्या अर्जातली ग्रेड बदलण्याची सवलत २०१७ मध्ये गेली. म्हणजे सरासरीने काम होणार नाही. प्रवेश समितीला दिसायला हवी ती शेवटच्या दोन वर्षांची चढती रेघ. त्या रेघेत बी-मायनस परवडत नाही. म्हणून जिथे ए मिळेल, ते ठिकाण तुमचं.

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मुलीला मी सांगेन, मिडलसेक्स कॉलेजात एखादा विषय घे, अभ्यासाची बैठक पुन्हा जमते का बघ. कम्युनिटी कॉलेज स्वस्त आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण ऑर्गॅनिक आणि बायोकेमिस्ट्री चार वर्षांच्या विद्यापीठातच कर, कारण काही मेडिकल कॉलेजांना ते तसेच हवे असतात. (कोणाला काय चालतं, ते नोंदणीआधी त्या-त्या कॉलेजच्या पानावर वाच. काकाच्या मित्राला विचारू नकोस.) आणि चार वर्षांचं म्हणजे रटगर्सच असंही नाही. वर्ग लहान असेल, प्राध्यापक नावानं ओळखत असतील, तर कीन किंवा माँटक्लेअर स्टेट मी आधी धरेन. शिफारसपत्रही तिथूनच यायचंय. फक्त डिग्रीबाहेरच्या विद्यार्थ्याला बऱ्याच ठिकाणी सीट शेवटी मिळते आणि आर्थिक मदत मिळत नाही, एवढं आधी विचारून घे.

जॉर्जटाउनसारख्या ठिकाणचा स्पेशल मास्टर्स, म्हणजे मेडिकलच्या तयारीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, हा शेवटचा पत्ता. तो महाग आहे, त्याचे ग्रेड वेगळे मोजले जातात, पदवीचा जीपीए त्यानं हलत नाही, आणि तिथे घसरलात तर पुढे सावरायला जागा राहत नाही.

पुण्यामुंबईहून बी.एस्सी. करून तिकडे गेलेल्यांचं गणित निराळं. त्यांचे भारतातले गुण एएमकॅसच्या जीपीएत येत नाहीत, त्यामुळे पाटी कोरी. पण अमेरिकेतली क्रेडिट मात्र बहुतेक कॉलेजांना हवीतच, आणि ग्रीन कार्ड नसेल तर अर्ज घेणारी कॉलेजंच मोजकी.

कॉलेज ठरवण्याआधी पहिल्या वेळी जीपीए का पडला, ते कागदावर लिहा. कारण पूर्ण वेळ नोकरी असेल आणि ती अजून चालूच असेल, तर या सत्रात नाव घालू नका. मध्येच सोडलेल्या विषयाचा डब्ल्यूसुद्धा ट्रान्स्क्रिप्टवर राहतो.